खुनी कोण, ते चिमीला विचारा

४ ऑक्टोबर

संपादकबाईंना पुस्तकाच्या शेवटी एक लेख हवाय, ‘मी कशी लिहिते’. वाचकांना म्हणे लेखिकेच्या आयुष्यात डोकावायला आवडतं. डोकावा बापडे. माझ्या आयुष्यात एक टेबल, एक खिडकी आणि एक नणंद आहे. लेखाची तयारी म्हणून ही दैनंदिनी सुरू करतेय. यातलं छापण्यासारखं किती निघेल, देव जाणे.

तर मी खून करते. साधारण वर्षाला एक. रक्त सांडत नाही, किंकाळ्या नाहीत. माणूस कोकोचा पेला हातात धरून खुर्चीत शांतपणे गेलेला सापडतो आणि गावातली शिंपीणबाई कोणाच्या बाहीचं बटण कुठे तुटलं यावरून खुनी शोधून काढते. शेवटी सगळे बसून चहा पितात. अशी अकरा पुस्तकं झाली. झोपण्यापूर्वी तुमची दोन पानं वाचली की गाढ झोप लागते, असं लोक मला पत्रं लिहून कळवतात. सुरुवातीला राग यायचा, आता बरं वाटतं.

मारायला माणसं मी आमच्याच इमारतीतली घेते. इमारतीचा सेक्रेटरी आतापर्यंत तीनदा मेलाय. एकदा जिन्यावरून पडून, एकदा अळंब्या खाऊन आणि एकदा पियानोखाली. त्याला ते कळलंय. लिफ्टमध्ये भेटला की हळूच विचारतो, या वेळी मी आहे ना? अशा माणसावर चिडायचं तरी कसं.

आणि खुनी? इथे खरी गोम आहे आणि ती मी लेखात मुळीच लिहिणार नाही. खुनी कोण हे मला ठाऊकच नसतं. शेवटचं प्रकरण सोडून सगळं लिहायचं, सगळ्यांवर सारखा संशय राहील एवढं बघायचं आणि बाड चिमीच्या हातात द्यायचं. चिमी म्हणजे माझी नणंद. साठी उलटली, जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पोरं तिच्या सावलीला घाबरायची, तरी घरात ती चिमीच. हे गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो. ती पेन्सिल घेऊन बसते, चुकांखाली रेघा मारते आणि अर्ध्यावर आली की स्वयंपाकघरातून हाक येते, वहिनी, डॉक्टरने केलाय. मग कारणं, एकाखाली एक, फळ्यावर उदाहरण सोडवल्यासारखी. ती सगळी मी निमूट ऐकून घेते आणि खून दुसऱ्याच कोणाच्या तरी गळ्यात घालते. लोक म्हणतात, काय तो अनपेक्षित शेवट. असणारच. चिमीला अपेक्षित नव्हता, तुम्हाला कुठून असणार?

आज बारावं बाड तिला दिलं. वाचनालयाचे अध्यक्ष कुलूपबंद वाचनालयात कोको पिता पिता गेलेत. संशयित चार: माळी, अध्यक्षांचा भाचा, डॉक्टर आणि ग्रंथपालबाई. माझ्या मनात माळी घोळतोय. पण बघू, चिमी काय म्हणते.

९ ऑक्टोबर

चिमी ‘छान आहे’ म्हणाली.

मला आधी वाटलं थट्टा करतेय. मागे एकदा सातव्या पुस्तकाला ‘वाचवतं’ म्हणाली होती, तर मी दोन दिवस हवेत होते. छान हा शब्द तिच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. बाड उघडून पाहिलं तर एकही रेघ नाही. कोणावर संशय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, सगळ्यांवरच थोडा थोडा. आणि गेली इस्त्री करायला. भर दुपारी इस्त्री? कुठे जायचंय हिला?

१२ ऑक्टोबर

काहीतरी बिघडलंय. घरात जे दिसतंय ते एका जागी मांडून बघते, शिंपीणबाई मांडते तसं.

चिमी सारखी चष्मा दुरुस्त करायला जाते. कधी स्क्रू ढिला, कधी नाकावर रुततो, कधी काही नाही, नुसतंच ‘दाखवून आणते’. संध्याकाळी फिरायला जाते. ही तीच बाई, जी म्हणायची की जिना उतरले म्हणजे झाला माझा व्यायाम. परवा भाजीत मीठ दोनदा पडलं. काल दूध उतू गेलं तेव्हा ती शेजारीच उभी होती, खिडकीबाहेर बघत. आणि वर्तमानपत्रात बाजारभाव वाचताना हसत होती. बाजारभाव वाचून कोण हसतं?

सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आधी मीठ, मग दूध, मग घराचा पत्ता. शेवटी मी कोण तेही त्यांना आठवत नव्हतं. मला बाई म्हणायच्या आणि चहा दिला की आभार मानायच्या. चिमीने मला वहिनी म्हणायचं सोडून बाई म्हटलं तर मी काय करू? पुस्तक गेलं खड्ड्यात.

१५ ऑक्टोबर

पुस्तक खड्ड्यात जाऊन चालणार नाही, असं संपादकबाईंचं म्हणणं आहे. शेवटचं प्रकरण कुठे, म्हणून फोन. मी सर्दीचं निमित्त सांगितलं. दुसऱ्यांदा. १५ नोव्हेंबरच्या पुढे छापखाना थांबणार नाही म्हणाल्या.

आज दिवसभर माळ्याला खुनी करून पाहिलं. चार ओळींत मेला. माळी नव्हे, परिच्छेद. चिमीचं म्हणणं खोडून काढायचं म्हणूनच तर मला शेवट सुचतो. खोडून काढायला समोर काही नसेल तर नुसत्या माळ्याला घेऊन काय करू?

१८ ऑक्टोबर

आज चष्मेवाले घरी आले होते. चौकातलं दुकान त्यांचं. उंच, जरा वाकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. लिफ्ट बंद होती, तर तीन मजले चढून आले. कशासाठी? चिमीच्या चष्म्याचा स्क्रू द्यायला. एवढासा स्क्रू, कागदाच्या पुडीत. आल्यासरशी माझाही चष्मा मागून घेतला, उजेडात धरला आणि सुस्कारा सोडून पुसून दिला. चिमी आत गेली ती केस विंचरूनच बाहेर आली. मग दोघं बराच वेळ त्या स्क्रूविषयी बोलत होते. स्क्रूविषयी इतकं बोलता येतं हे मला नवीन होतं. चहा झाला. जाताना त्यांचा पाय दारात घुटमळला, तेव्हा मला वाटलं, जिना चढून दम लागला असेल.

आता कोणी म्हणेल, अगं बाई, उघड आहे की. क्षणभर माझ्याही मनात आलं. पण एवढी पुस्तकं लिहून एक गोष्ट पक्की कळली आहे. जे उघड दिसतं ते कधीच खरं नसतं. वाचकाला ज्याचा पहिल्यांदा संशय येतो, त्याला मी तिसऱ्या प्रकरणात सोडून देते. चष्मेवाल्यांनाही दिलं सोडून. सज्जन माणूस आहे, गिऱ्हाईक सांभाळतो. चिमीची नजर कमी होतेय आणि तो बिचारा सांगायला कचरतोय, असंही असेल. हे तर आणखी वाईट.

२२ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. चिमीला सांगितलं, माझा रक्तदाब दाखवायचाय, तू सोबतीला चल. तिथे गेल्यावर तिलाच आत ढकललं. ती खवळली, पण तपासून घेतलं. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, तर ही उलट डॉक्टरीणबाईंनाच म्हणाली, आता तुम्ही तेरा तेरा करून दाखवा.

नंतर डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बोलावलं. म्हणाल्या, काही झालेलं नाही, प्रकृती ठणठणीत आहे, आणि जे झालंय त्यावर माझ्याकडे औषध नाही. हे बोलताना हसत होत्या. औषध नाही आणि हसताय काय? म्हणजे मोठ्या तज्ज्ञाकडेच न्यायला लागणार.

घरी येईपर्यंत चिमी माझ्या चार पावलं पुढेच चालत होती. आल्यावर मात्र माझ्या पायाला तेल चोळून दिलं आणि म्हणाली, उगीच काळजी करतेस वहिनी. मला रडूच आलं. ती आणखी काहीतरी सांगणार होती, पण मला रडताना बघून तिने दुसरा पाय ओढून घेतला.

२६ ऑक्टोबर

मुलाचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं. मीठ, दूध, इस्त्री, चष्मा. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, आई, आत्या आनंदात आहे का? म्हटलं, आहे, तीच तर काळजी आहे. तर तो पलीकडे खो खो हसत सुटला. मग म्हणाला, आई, तू पुस्तक तेवढं लवकर संपव बरं. याला माझ्या पुस्तकाचं कधीपासून पडलं? एक पुस्तक वाचलं नाही कार्ट्याने.

३० ऑक्टोबर

आज मी चिमीचा पाठलाग केला.

बारा पुस्तकांत माझ्या शिंपीणबाईने किती जणांचा पाठलाग केला असेल. तिला कधी खोकला आला नाही की वाटेत ओळखीचं कोणी भेटलं नाही. मला पहिल्याच वळणावर सेक्रेटरी भेटला आणि त्याने नळाच्या पाइपची कथा सुरू केली. त्याला तिथेच ठार मारायची इच्छा होती. तोवर चिमी दिसेनाशी झाली. घाबरले. रस्ता चुकली तर? धापा टाकत चौकापर्यंत गेले.

चष्म्याच्या दुकानाच्या काचेतून ती दिसली. ती गिऱ्हाइकाच्या बाजूला नव्हती, गल्ल्यामागे होती. चष्मेवाले संत्रं सोलत होते. ती चष्म्यांच्या काचा पुसून ओळीने मांडत होती आणि तोंड उघडं टाकून हसत होती. चिमीचा पुढचा दात जरा वाकडा आहे, म्हणून ती लहानपणापासून तोंडावर हात ठेवून हसते. आज हात नव्हता. मग त्यांनी संत्र्याची फोड पुढे केली आणि तिने ती खाल्ली. हाताने घेऊन नव्हे.

मी समोरच्या फळवाल्याकडे जाऊन उभी राहिले. तो काय देऊ विचारत होता आणि मी काचेकडेच बघत होते. खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. आधी वाटलं, मी किती बावळट. मग वाटलं, म्हणजे ती मला बाई म्हणणार नाही, आठवण शाबूत आहे तिची. जीव भांड्यात पडला. आणि मग वाटलं, म्हणजे ती जाणार. या शेवटच्याचं सगळ्यात वाईट वाटलं. संत्री घेऊन घरी आले आणि लपवून ठेवली.

३१ ऑक्टोबर

चिमी आंघोळीला गेली तेव्हा सरळ दुकान गाठलं. चष्मेवाले एकटेच होते. मला बघून त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

म्हटलं, “माझ्या नणंदेला तुम्ही काय विचारलंय?”

त्यांनी फडकं उचललं, झटकलं, घडी केली. म्हणाले, महिन्याच्या सुरुवातीला विचारलं. दुकान पुतण्याच्या हाती देऊन ते डोंगराकडच्या गावी जायचेत. तिथे त्यांचं छोटं घर आहे, बसने अर्ध्या दिवसाचा प्रवास. लग्न करून माझ्याबरोबर याल का, म्हणून चिमीला विचारलं. नोव्हेंबरच्या मध्यावर निघायचंय.

“मग काय म्हणाली?”

“म्हणाल्या, वहिनीचं पुस्तक होऊ दे, मग सांगते. मी विचारलं, पुस्तकाला वेळ किती लागेल? तर म्हणाल्या, एका वाक्याचं काम आहे, पण ते वाक्य माझ्याच तोंडून निघत नाही.”

माझ्या पुस्तकातलं वाक्य तिच्या तोंडून कसं निघणार? म्हातारी माणसं निरोप सांगताना घोळ घालतात. पण मुद्दा कळला. माझं पुस्तक अडलंय म्हणून ती अडली आहे. मला अशा अवस्थेत टाकून जाणार नाही ती. आणि मी मात्र सर्दीची सोंगं करत बसलेय.

गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, “हे बघा, मी मुलीकडची. आमची मुलगी तापट आहे. चूक दिसली की तोंडावर सांगते.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पाटीवर सवलतीचा टक्का चुकलाय, हे सांगायलाच त्या पहिल्यांदा दुकानात आल्या.”

त्यांनी मला संत्रं दिलं. छान होतं. माणूसही छान आहे. हा शब्द मी आता जपूनच वापरते, पण आहे.

२ नोव्हेंबर

काल आणि आज प्रामाणिकपणे प्रयत्न केला. शेवटचं प्रकरण होत नाही. माळ्याला पकडते, तो हातातून सुटतो. डॉक्टरला पकडावं तर ते चिमीनेच म्हटलं असतं असं वाटतं. आणि रोज दुपारी चिमी दारात येऊन विचारते, झालं का गं? मी नाही म्हणते. तिचा चेहरा पडतो की सुटकेचा श्वास सोडते, ते नीट कळत नाही. दोन्ही दिसतं.

म्हणून मी एक युक्ती केली. बाडाच्या शेवटी एक पान छापून ठेवलं, ‘शेवटचं प्रकरण’ असं ठसठशीत शीर्षक आणि खाली माळ्याचा तोच मेलेला परिच्छेद. त्याखाली एका प्रकरणाला पुरतील इतकी कोरी पानं. सगळं बाड दोऱ्याने घट्ट बांधलं. आणि चहाच्या वेळी तिच्यापुढे ठेवलं.

“घे. झालं पुस्तक.”

चिमीने बाड उचललं. पेपर तपासायला घ्यायची तसा त्याच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला. मग वर माझ्याकडे पाहिलं.

“संपलं?”

“संपलं.”

“बरं,” ती म्हणाली.

दोरा सोडलाच नाही तिने. आजवर शेवट न वाचता एकही पुस्तक घराबाहेर पडू दिलेलं नाही, आणि आज बाड नीट सरळ करून माझ्या टेबलावर ठेवून आली. मग समोर बसली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, “वहिनी, मला तुला एक सांगायचंय.”

सगळं सांगितलं. चष्मेवाले, डोंगर, घर, तिथल्या खिडक्या. मी आश्चर्याचा असा काही अभिनय केला की बघत राहावं. छातीवर हात ठेवला, अगं बाई म्हटलं. ती रडली, मीही रडले, ते मात्र खरं होतं. तुला एकटीला जमेल का, असं तिने तीन-तीनदा विचारलं. म्हटलं, न जमायला काय झालं, सेक्रेटरी आहे की मारायला. तेव्हा हसली. तोंडावर हात न ठेवता.

एवढ्या पुस्तकांत चिमीला शेंडी लावायला पहिल्यांदाच जमलं. हुशार बाई, पण प्रेमात माणसाचं लक्ष ठिकाणावर राहत नाही.

८ नोव्हेंबर

आवराआवर. चिमीच्या पुस्तकांच्या सहा पेट्या झाल्या. इस्त्री कोणी न्यायची यावर भांडलो. शेवटी तिने ती इथेच ठेवली, तिकडे आहे म्हणाली. मग पहिल्यांदाच का नाही सांगितलंस, म्हणून पुन्हा भांडलो. मजा आली.

संपादकबाईंना सांगितलं, १५ ला देते. कसं देणार ते विचारू नका.

१४ नोव्हेंबर

आज दुपारी कचेरीत जाऊन सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून एक मी आणि दुसरा सेक्रेटरी. त्याने नवा कोट घातला होता आणि कारकुनाला सांगत होता की आपण तीनदा मेलोय. मुलगा येऊ शकला नाही, पण फोनवर आत्याशी इतका वेळ बोलला की कारकून घड्याळ बघायला लागला. चिमीने कागद आधी शेवटपर्यंत वाचला, तारखेतली एक चूक काढली, दुरुस्त करून घेतली आणि मगच सही केली.

घरासमोर गाडी उभी होती. पेट्या चढल्या. चष्मेवाले माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले, मग त्यांनी माझा चष्मा काढून घेतला आणि पुसून परत दिला. मी वर आले. गाडी निघताना खिडकीतून बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून टेबलाशी जाऊन बसले.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चिमी. काहीतरी विसरली असेल म्हणून मी उठायला लागले, तर तिने खांद्यावर हात ठेवून मला परत खाली बसवलं.

“वहिनी, भाचाच आहे तो,” ती म्हणाली. “वाचनालयाला कुलूप होतं ना? मग दुसरी किल्ली घरातल्याच माणसाकडे असणार. अध्यक्षांना कोको कितीसा गोड लागतो तेही घरातल्यालाच माहीत. माळ्याला उगीच अडकवू नकोस.”

मग वाकून माझ्या कपाळाला गाल लावला आणि भरभर खाली गेली. गाडी गेल्याचं ऐकू आलं.

घर शांत आहे. चहा केला, कपभरच झाला, प्याले. वाईट वाटतंय, पण ज्याला दुःख म्हणतात तसं नाही. चिमी आता कुठेतरी रस्त्यावर ड्रायव्हरला जवळचा रस्ता समजावत असेल.

एक मात्र कळेना. पुस्तक संपलं असं मी तिला सांगितलंय, तिनेही बरं म्हटलंय. मग आता ‘अडकवू नकोस’ कसं? निघायच्या गडबडीत होती, बोलून गेली असेल.

आता माझ्या रीतीप्रमाणे भाचा निर्दोष सुटायला हवा. तिची कारणं मला झटक्यात खोडता येतील, किल्लीचं तर आत्ता बसल्या बसल्या. बाडाचा दोरा सोडला आणि कोरी पानं पुढे ओढली. आज तिला खोटं पाडायला हात उचलेना. वाचकांना शेवट ओळखता आला तर येऊ दे.

खून भाच्यानेच केला. लिहायला बसते.